२३ वाजून २७ मिनिटं: गिटलॅबच्या एका रात्रीचा घटनाक्रम

३१ जानेवारी २०१७, मंगळवार. जगभरचे प्रोग्रॅमर ज्या ठिकाणी आपला कोड, त्यातल्या त्रुटींच्या नोंदी आणि त्यांवरच्या चर्चा ठेवतात, त्या गिटलॅब डॉट कॉमचा मुख्य डेटाबेस त्या रात्री एका कमांडने पुसला गेला. कंपनीने काहीच झाकलं नाही. दुरुस्ती चालू असतानाच्या नोंदी तिने त्याच रात्री सर्वांसाठी खुल्या केल्या आणि १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यामुळे त्या रात्रीत कोणी काय केलं आणि का केलं, हे आज तासातासाने मांडता येतं.

सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम एकदा सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं. यातली प्रत्येक चूक साधी आहे. पतसंस्थेच्या, कारखान्याच्या, सीएच्या कार्यालयातल्या सर्व्हरवरही ती तशीच होऊ शकते, आणि तिथे मदतीला उठवायला दुसरा अभियंता बहुधा नसतो. खालच्या वेळा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या आहेत. कंसात भारतातली वेळ दिली आहे.

त्या रात्रीच्या आधी

कागदावर बंदोबस्त चोख होता. पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. डीबी-१ हा प्रायमरी, आणि डीबी-२ हा त्याची क्षणोक्षणी नक्कल करणारा सेकंडरी. दर २४ तासांनी डिस्कचा एलव्हीएम स्नॅपशॉट निघे. शिवाय पीजी-डंप हे साधन रोज सगळ्या डेटाबेसची प्रत काढून ॲमेझॉनच्या एस-३ साठवणीत टाके, अशी सर्वांची समजूत होती.

ती समजूत खोटी होती. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारं पीजी-डंप चालत होतं ९.२ आवृत्तीचं. कोणती आवृत्ती वापरायची हे गिटलॅबचं पॅकेज डेटाबेसच्या फोल्डरमधली एक फाइल पाहून ठरवायचं. बॅकअपचं काम ज्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर लावलं होतं, तिथे डेटाबेसच नव्हता. म्हणून ती फाइलही नव्हती, म्हणून पॅकेज जुन्या आवृत्तीवर जाई. आवृत्ती जुळत नाही हे दिसताच पीजी-डंप एरर देऊन थांबे. एस-३ मध्ये काहीच जमा होत नव्हतं.

एररची ईमेल जात होती. पण क्रॉनकडून निघणाऱ्या त्या ईमेलना डीमार्कची पडताळणी लावलेली नव्हती, त्यामुळे घेणारा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. बॅकअप बंद पडला होता आणि तो बंद पडल्याची सूचनाही वाटेतच मरत होती. इकडे सगळं शांत दिसत होतं.

मला या अख्ख्या प्रकरणात हा भाग सर्वांत भयंकर वाटतो. बहुतेक ठिकाणी आपण बॅकअप फसला तर कळव अशी व्यवस्था करतो आणि ईमेल आली नाही की निर्धास्त झोपतो. व्यवस्था उलटी हवी. बॅकअप घेणाऱ्या यंत्राशी संबंध नसलेल्या दुसऱ्या यंत्राने रोज जाऊन पाहावं: सर्वांत ताजी फाइल किती तासांपूर्वीची आहे, आणि तिचा आकार कालच्याशी जुळतो का? फाइल नसेल, शिळी असेल किंवा अचानक बारीक झाली असेल, तर त्याने फोन वाजवावा. एवढी पडताळणी लिहायला अर्धा दिवस पुरतो.

१७:२० (रात्री १०:५०): सहा तास आधी

एक अभियंता चाचणीच्या म्हणजे स्टेजिंगच्या सर्व्हरवर पीजीपूल नावाचं साधन बसवून पाहत होता. डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटता येतो का, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी त्याला ताजा डेटा हवा होता. ठरलेल्या स्नॅपशॉटची वाट न पाहता त्याने प्रॉडक्शनचा एलव्हीएम स्नॅपशॉट हाताने काढला आणि स्टेजिंगवर चढवला.

पुढे गिटलॅब वाचलं ते या प्रतीमुळे. ती कोणत्याही बॅकअपच्या योजनेत नव्हती, एका माणसाच्या त्या दिवशीच्या कामाच्या सोयीसाठी निघाली होती. ती नसती तर हातात उरला असता तो आदल्या ठरलेल्या वेळचा स्नॅपशॉट, आणि सहाऐवजी आणखी कित्येक तासांचं काम गेलं असतं.

अशी नशिबाची प्रत त्याच वर्षी जूनमध्ये मर्स्क या जहाज कंपनीलाही लाभली. नॉटपेट्या या मालवेअरच्या हल्ल्यात तिचे जगभरचे डोमेन कंट्रोलर पुसले गेले. ते सगळे एकमेकांची नक्कल ठेवत असल्यामुळे वेगळा बॅकअप कोणी ठेवला नव्हता. वाचला तो फक्त घानामधला एक, आणि तोही तिथली वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी बंद होता म्हणून. उरणजवळ न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्कच्या टर्मिनलचं कामही त्या हल्ल्यात अडकलं होतं. इतक्या मोठ्या दोन संस्था योगायोगाच्या प्रतीवर उभ्या राहिल्या, ही गोष्ट प्रत्येक ॲडमिनने आपल्या व्यवस्थापकापुढे ठेवावी.

१९:०० ते २२:०० (रात्री १२:३० ते ३:३०)

डेटाबेसवरचा भार चढू लागला. स्पॅम करणारे धडाधड नोंदी घुसडत होते. एकाच खात्यावर ४७,००० आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत असल्याचंही आढळलं. कोणीतरी तिथली रिपॉझिटरी फाइली वाटण्याच्या फुकट अड्ड्यासारखी वापरत होतं. ते खातं काढून टाकलं. सामान्य वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियाही नोंदल्या जाईनात.

भाराचं आणखी एक कारण नंतर उघड झालं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कोणीतरी खोडसाळ तक्रार केली होती, आणि ती हाताळताना ते खातं चुकून काढून टाकण्याच्या यादीत गेलं. त्या खात्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम मागे चालू होतं. खातं काढायचं म्हणजे आधी फक्त निष्क्रिय करायचं आणि काही दिवसांनी पुसायचं, एवढा नियम असता तर हा भार पडलाच नसता.

२२:०० (पहाटे ३:३०): दीड तास आधी

अलर्ट वाजला. डीबी-२ नक्कल करण्यात मागे पडला होता, सुमारे ४ जीबीने.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका रोजनाम्यात लिहितो. त्याला वॉल म्हणतात. सेकंडरी हा रोजनामा वाचत वाचत प्रायमरीच्या मागून येतो. प्रायमरी जुनी पानं कायम ठेवत नाही, जागेसाठी काढून टाकतो. भार इतका होता की डीबी-२ ला हवी असलेली पानं तो पोचण्याआधीच डीबी-१ वरून गेली. ही पानं वेगळ्या जागी साठवून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण गिटलॅबने ती लावली नव्हती. ती असती तर डीबी-२ तिथून वाचत पुन्हा मार्गी लागला असता, आणि पुढे घात झाल्यावर डेटाबेस हव्या त्या मिनिटापर्यंत परतही आणता आला असता. आता डीबी-२ शून्यातून भरण्यावाचून मार्ग नव्हता.

हे काम अंगावर घेणाऱ्या अभियंत्याने त्या रात्री आधीच सांगितलं होतं की उशीर झालाय, आता मी थांबतो. त्याच्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. रेप्लिकेशन तुटलं म्हणून तो थांबला नाही.

२३:०० (पहाटे ४:३०): सत्तावीस मिनिटं आधी

डीबी-२ पुन्हा भरायचा तर त्याचं डेटा फोल्डर रिकामं हवं. अभियंत्याने ते पुसलं. हे बरोबर यंत्रावर, बरोबर पद्धतीने केलेलं काम होतं, म्हणून घटना सांगताना लोक या ओळीवरून पटकन पुढे जातात. माझ्या मते खरं वळण इथेच आहे. या क्षणापासून गिटलॅबचा जिवंत डेटा एकाच यंत्रावर उरला. ४ जीबीने मागे पडलेली का होईना, जवळजवळ पूर्ण असलेली दुसरी प्रत आपल्याच हाताने नाहीशी केली गेली.

फोल्डर पुसण्याऐवजी त्याचं नाव बदललं असतं, मागे तारीख लावून बाजूला ठेवलं असतं, तरी नव्या भरतीला रिकामी जागा मिळाली असती. त्यासाठी डिस्कवर डेटाच्या दुप्पट जागा लागते. डेटाबेस सर्व्हरची मागणी लिहिताना ही जागा वाया जाते असं हिशेबनीस म्हणेल. त्याला ही रात्र सांगावी. नवी प्रत पूर्ण झाली, तपासली, एक दिवस चालली, की मग जुनं फोल्डर पुसावं.

पुढचं काम पीजी-बेसबॅकअपचं: डीबी-१ वरून सगळा डेटा डीबी-२ वर आणणं. कमांड दिली. काहीच झालं नाही. सविस्तर माहिती दाखवण्याचा पर्याय लावूनही पडद्यावर अक्षर उमटेना. काही प्रयत्नांनंतर तक्रार आली की डीबी-१ कडे नक्कल पाठवण्याच्या जोडण्या पुरेशा नाहीत. ती मर्यादा ३ होती, ती ३२ केली. नवी मर्यादा लागू करायला डीबी-१ पुन्हा सुरू करायचा, तर तो सुरूच होईना. सेमाफोर फार झाले अशी त्याची तक्रार. शोधल्यावर दिसलं की एकूण जोडण्यांची मर्यादा ८,००० ठेवलेली आहे. ती २,००० वर आणली तेव्हा डीबी-१ उठला. पीजी-बेसबॅकअप मात्र पुन्हा तसंच गप्प. एस-ट्रेस लावून आत पाहिलं, तर ते नुसतं वाट पाहत बसलेलं.

आणि ते खरोखर वाट पाहत होतं. प्रायमरीकडून डेटा येऊ लागेपर्यंत हे साधन एक शब्दही न बोलता थांबून राहतं. हे माहीत असणारा सहकारी गिटलॅबमध्ये होता, पण त्या वेळी हजर नव्हता. कामाच्या पद्धती लिहून ठेवलेल्या कंपनीच्या टिपणांत हे नव्हतं, आणि पोस्टग्रेसच्या कागदपत्रांतही स्पष्ट नव्हतं. साधन बिघडलेलं नसताना माणूस बिघाड शोधत राहिला.

टिपणात काय लिहावं हे इथून शिकता येतं. कमांड तर कोणीही लिहितो. त्याखाली लिहायचं की ही कमांड चालू असताना पडदा कसा दिसतो, ती किती वेळ गप्प बसू शकते, आणि किती वेळ झाल्यावर काळजी करायची. शिवाय पीजी-बेसबॅकअपला चेकपॉइंट फास्ट हा पर्याय दिला तर ते सावकाश चेकपॉइंटची वाट न पाहता लगेच कामाला लागतं, हेही.

२३:२७ (पहाटे ४:५७)

अभियंत्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांनी डीबी-२ च्या फोल्डरमध्ये काही फाइली पडून राहिल्या असतील आणि त्यामुळे साधन अडत असेल. त्याने फोल्डर पुन्हा पुसायचं ठरवलं. कमांड दिली. एखाद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की टर्मिनल डीबी-१ चं आहे. त्याने कमांड तोडली. सुमारे ३१० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं.

दोन सेकंदांत तीनशे जीबी कसे जातात? पोस्टग्रेस मोठी टेबलं एकेका जीबीच्या तुकड्यांत ठेवतो. पुसताना यंत्र त्यातली अक्षरं खोडत बसत नाही, फक्त फाइलचं नाव नोंदीतून काढतं. काही हजार नावं काढायला डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ पुरतो. म्हणून चूक कळल्यावर कमांड तोडू, या भरवशावर कधी राहू नये.

दोन टर्मिनल शेजारी उघडी, दोन्हीची नावं शेवटच्या आकड्यापुरती वेगळी, वेळ मध्यरात्रीची, आणि त्याच माणसाने अर्ध्या तासापूर्वी तीच कमांड योग्य जागी दिलेली. याला निष्काळजीपणा म्हणायला माझं मन तयार होत नाही. सावध राहा हा उपदेश अशा वेळी निरुपयोगी आहे, कारण तो माणूस सावधच होता. यंत्राने अडवायला हवं होतं. प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल, स्टेजिंगचा पिवळा, आणि त्यात सर्व्हरची भूमिका शब्दात लिहिलेली. पुसण्याची कमांड थेट हाताने न देता छोट्या स्क्रिप्टमधून, आणि त्या स्क्रिप्टने आधी डेटाबेसलाच विचारायचं. पोस्टग्रेसमध्ये पीजी-इज-इन-रिकव्हरी हे फंक्शन त्यासाठीच आहे; सेकंडरी हो म्हणतो, प्रायमरी नाही म्हणतो. उत्तर ‘नाही’ असं आलं की स्क्रिप्टने थांबायचं. नावाचा गोंधळ माणसाच्या डोक्यात होऊ शकतो, डेटाबेसला स्वतःची भूमिका पक्की ठाऊक असते.

असं कुणाच्या हातून घडलंच, तर पहिल्या मिनिटात यंत्र रीस्टार्ट करू नये आणि डेटाबेसची प्रोसेस मारू नये. लिनक्सवर एखाद्या प्रोसेसने उघडून ठेवलेली फाइल नाव गेल्यावरही ती प्रोसेस जिवंत असेपर्यंत डिस्कवर असते, आणि जाणकार माणूस त्यातलं काही बाहेर काढू शकतो.

२३:३० ते ००:३० (पहाटे ५ ते ६)

आता बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. एस-३ रिकामं. सर्व्हर ज्या अझ्युर क्लाउडवर होते, त्याचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरांसाठी कधी चालूच केले नव्हते. डीबी-२ अर्ध्या तासापूर्वी पुसलेला. त्या रात्रीच्या उघड्या नोंदींत गिटलॅबने स्वतःच लिहून टाकलं की पाच प्रकारच्या बॅकअप आणि नकलांपैकी एकही धडपणे चालत नव्हता किंवा मुळात लावलेलाच नव्हता.

उरली ती १७:२० ची स्टेजिंगवरची प्रत. ती सहा तास जुनी होती आणि तिच्यात वेबहुक नव्हते. चाचणीच्या सर्व्हरवरून ग्राहकांच्या यंत्रणांना चुकून संदेश जाऊ नयेत म्हणून स्टेजिंगवर डेटा आणताना ते मुद्दाम काढले जात. तरी तीच घ्यायची असं ठरलं.

त्या अभियंत्याने नोंदींत लिहिलं की आज यापुढे मी रूटच्या अधिकाराने काहीही न चालवणंच बरं, आणि परत आणण्याचं काम सहकाऱ्याकडे सोपवलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हात थरथरत असताना खुर्चीवरून उठणं हे कौशल्य आहे, आणि तसं उठता यावं यासाठी कार्यालयात दुसरा माणूस तयार ठेवणं हे व्यवस्थापनाचं काम आहे.

००:३० ते १७:०० (सकाळी ६ ते रात्री १०:३०)

भारतात १ फेब्रुवारीचा बुधवार उजाडला आणि कामाचा अख्खा दिवस साइट बंदच राहिली. गिटलॅबने डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. एका वेळी सुमारे ५,००० लोक ते पाहत होते.

पाहण्यासारखं होतं ते इतकंच की डेटा हळू हळू सरकतोय. स्टेजिंगचा सर्व्हर अझ्युरच्या जुन्या, स्वस्त साठवणीवर होता. प्रत निघण्याचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास अडकला. ३१० जीबीला या वेगाने कागदावरच साडेअकरा तास लागतात. प्रत्यक्षात सगळं मिळून त्याहून जास्त गेले. त्या सर्व्हरचं काम चाचणीचं होतं, तिथून प्रॉडक्शन उभं करावं लागेल असं कोणी धरलंच नव्हतं.

बॅकअप किती वेळात निघतो हे ॲडमिनला तोंडपाठ असतं. तो किती वेळात परत बसतो, हे मात्र फारच थोड्यांनी घड्याळ लावून मोजलेलं असतं. रविवारी एखाद्या मोकळ्या यंत्रावर शेवटचा बॅकअप बसवावा, त्यावर ॲप्लिकेशन सुरू करावं, शनिवारच्या शेवटच्या चार पावत्या दिसतात का ते पाहावं, आणि लागलेले तास वहीत लिहावेत. मालकाने विचारलं की बंद पडलं तर किती वेळ जाईल, तर वहीतला आकडा सांगावा.

१८:०० (रात्री ११:३०)

वेबहुकही परत आले आणि साइट खुली झाली. त्याआधी एक बारीक पण शहाणपणाचं काम केलं होतं: डेटाबेसमधले पुढचे क्रमांक १,००,००० ने पुढे ढकलले. गेलेल्या सहा तासांत ज्या नोंदींना क्रमांक मिळाले होते, त्यांचे दुवे लोकांच्या ईमेलमध्ये पोचलेले होते. तेच क्रमांक नव्या नोंदींना मिळाले असते तर जुना दुवा उघडल्यावर दुसऱ्याचंच काहीतरी समोर आलं असतं.

१७:२० नंतर मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये लिहिलं गेलेलं परत आलं नाही. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना झळ बसली. कोड मात्र वाचला, कारण गिट रिपॉझिटरी या डेटाबेसमध्ये नव्हत्या, वेगळ्या फाइल सर्व्हरांवर होत्या.

अहवालात त्या अभियंत्याचं नाव नाही आणि त्याला कामावरून काढलंही नाही. दोष कुणाचा हे विचारण्याऐवजी अहवाल एकापाठोपाठ एक का विचारत गेला. बॅकअप का नव्हता? फसत होता. कोणाला का कळलं नाही? ईमेल नाकारल्या जात होत्या. परत आणण्याची चाचणी नियमित का होत नव्हती? ते काम कोणाच्याच नावावर नव्हतं.

मग दुरुस्त्यांची यादी निघाली. प्रॉम्प्ट बदलायचे, दर तासाला स्नॅपशॉट घ्यायचा, वॉल साठवायचा, बॅकअपवर नजर ठेवणारी यंत्रणा बसवायची, तो आपोआप बसवून तपासायचा. त्याच यादीत एक नोंद कोणत्याही सॉफ्टवेअरची नव्हती: डेटाच्या टिकण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करायची. आपल्याकडे दहा-वीस माणसांच्या कार्यालयात ते नाव आधी ठरवावं. बॅकअपचं सॉफ्टवेअर विकत घेण्याच्याही आधी. त्या माणसाला महिन्यातला एक दिवस फक्त बॅकअप बसवून पाहण्यासाठी मोकळा द्यावा, आणि त्या दिवशी त्याला प्रिंटर दुरुस्तीला बोलावू नये.